महिना आणि सव्वा महिना

द्वारका शेळके, कला शाखेचं दुसरं वर्ष, राहणार कर्जत तालुका. अन्याय हिच्यावर झाला. कधी झाला तेही सांगून टाकते, म्हणजे 'असं काही घडलंच नव्हतं' असं उद्या कुणी म्हणायला नको. बहात्तर साल, नाताळच्या सुट्टीआधीचा शनिवार, सकाळच्या जेवणाची घंटा व्हायच्या आत. नगरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात, व्हरांड्यातल्या फळ्यावरून तिचं नाव ओल्या फडक्यानं पुसण्यात आलं आणि तिची खाट प्रतीक्षेतल्या दुसऱ्या मुलीला देण्यात आली. त्या दुसऱ्या मुलीचा यात काही दोष नाही.

वसतिगृह समितीच्या ठरावातलं वाक्य मला पाठ आहे. 'सदर विद्यार्थिनी मुदतीत परत आलेली नाही. मनोधैर्याच्या अभावी तिने शिक्षण सोडल्याचे दिसते.'

दिसते म्हणे! कुणाला दिसलं? समितीतला एकही माणूस तिला बघायला गेला नव्हता. ज्या वेळी हे वाक्य लिहिलं जात होतं त्या वेळी ही मनोधैर्याचा अभाव असलेली मुलगी कर्जतच्या बाजूला दुष्काळी कामावर उन्हात बसून खडी फोडत होती. तिथून ती आली, परीक्षेला बसली, पुढच्या वर्षी बी.ए. झाली. ठरावातलं वाक्य मात्र अजून तसंच आहे.

मी त्या वसतिगृहात सहायक रेक्टर आहे. त्याआधी एका युवक संघटनेत होते. सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढायची आणि एस.टी. स्टँडवर वाटायची, हे माझं शिक्षण. त्यामुळं माझ्या लिहिण्यात गोडवा कमी आहे. संपादकांना मी हे आधीच कळवलं होतं. ते म्हणाले, चालेल, दिवाळी अंकात गोड पुष्कळ असतं.

सहायक रेक्टर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, मुलींवर नजर ठेवणारी बाई. नजर ठेवावी लागते हे खरं, पण ती फाटकावर ठेवून उपयोग नसतो. ती ताटावर आणि बादलीवर ठेवायची असते. घंटा देणं, संध्याकाळची हजेरी घेणं, तापाच्या मुलीला सरकारी दवाखान्यात नेणं, रविवारी भेटायला आलेल्या काका-मामांपैकी खरा मामा कोणता ते ओळखणं, ही वरवरची कामं. खरं काम एकच. कोणती मुलगी आतून निघाली आहे, हे ती निघायच्या आधी ओळखायचं.

दुष्काळाच्या त्या वर्षात मला हे बादलीनं शिकवलं. टँकर एक दिवसाआड यायचा. प्रत्येकीला एक बादली. नळ नव्हताच, हौदावर रांग लावायची आणि रांगेला नंबर. त्या नंबरावरून जी भांडणं व्हायची ती ऐकून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या रेक्टर, कानावर हात ठेवायच्या. "सुमन, ह्या मुली शिकायला आल्यात की पाणवठ्यावर?" असं मला विचारायच्या. मलाही आधी लाज वाटायची. मग लक्षात आलं की, 'ए भवाने, माझा नंबर हाय, हो मागं' म्हणून जी ओरडते तिची काळजी करायचं कारण नाही. तिला उद्याच्या दिवसात रस आहे. जी शांतपणे बाजूला होऊन 'घे गं तूच आधी' म्हणते, तिच्या खोलीत त्याच संध्याकाळी जाऊन बसावं. आठवडाभरात तिची ट्रंक बांधलेली असते.

शोभा तशीच बाजूला झाली. शोभा सोनईची. घरची बागायत, विहिरीला तेव्हाही पाणी, दर खेपेला डबाभर लाडू. सहामाहीला इंग्रजीत नापास झाली. जन्मात कधी नापास झाली नव्हती, त्यामुळं नापास झाल्यावर माणूस काय करतं हे तिला ठाऊकच नव्हतं. भिंतीकडं तोंड करून पडली. जेवणाला येईना. मी समजूत घातली, मोठ्या बाईंनी घातली, लाडूसुद्धा तसेच पडून. द्वारका तिच्याच खोलीत होती. मी दारात उभी असताना तिनं शोभाच्या अंगावरची चादर ओढली.

"ऊठ. तुजा पान्याचा नंबर आलाय."

"माझी बादली तू घे."

"मी कशापायी घिऊ? मला काय भीक लागलीय? ऊठ आन् भांड. ती धा नंबरवाली तुज्या म्होरं घुसलीय."

"घुसू दे. मी नापास झालेय, द्वारका."

"मंग? मी मॅट्रिकला इंग्लिशात दोनदा नापास झालेय. तुज्यापरीस शिनियर हाय मी. माज्या म्होरं रडायचं न्हाई."

तिसरी खाट हौसाची. हौसा राजूरकडची, डोंगरातली. तिला नकला यायच्या, आणि नको तेव्हा यायच्या. ती इंग्रजीच्या सरांसारखा चष्मा कपाळावर चढवून उभी राहिली, चष्मा नसताना, आणि म्हणाली, "मिस शोभा, व्हेअर इज युवर बकेट?" शोभा हसली, मग रडली, मग बादली घेऊन तरातरा हौदावर गेली आणि तिथं जे भांडली, ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

त्याच सुमारास कॉलेजात मानसशास्त्राच्या वैद्यबाई आल्या होत्या. पुण्याच्या. संकटात कोणता विद्यार्थी टिकतो आणि कोणता मोडतो, का टिकतो, यावर त्या काम करत होत्या. संध्याकाळी आमच्याकडं येऊन मुलींशी बोलायच्या. आत्मविश्वास, आशावाद, आधार, ध्येय असे त्यांचे शब्द. पत्रकवाल्यांना असल्या शब्दांचा राग येतो, मलाही यायचा. पण बाई ऐकायच्या. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसता येणारी शिकलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

"हौसा, अडचण आली की तुला कुणाचा आधार वाटतो?" त्यांनी विचारलं.

"भिंतीचा, बाई."

"म्हणजे?"

"खाट मोडकी हाय. भिंतीला टेकवलीय म्हनून हुबी हाय."

वैद्यबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नंतर मला म्हणाल्या, "ही मुलगी कुठंही टाका, जगेल." मी म्हटलं, "बाई, कुठंही टाका असं म्हणू नका. टाकणारे टपूनच बसलेत."

हे मी उगीच बोलले नव्हते. तेव्हा नगरात एक वाक्य फार चालायचं, अजूनही चालतं. 'खेड्यातली पोरं मुळात चिवट असतात हो.' ऐकायला कौतुक वाटतं. पण हे वाक्य कधी म्हणतात ते बघा. मेसमध्ये मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी तिसऱ्या दिवशीही आली, म्हणे पोरी चिवट आहेत. खोलीत दिवा नाही, चिवट आहेत. आणि यातली एखादी मुलगी गेली की तेच लोक म्हणणार, मनोधैर्याचा अभाव. राहिली तर चिवट, गेली तर कच्ची. कॉलेजनं काय केलं हा प्रश्नच दोन्हींकडून उडवून लावायचा. छान सोय आहे!

द्वारका गेली ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिचे वडील आले, व्हरांड्यात बसायला सांगितलं तरी उभेच राहिले. आई बाळंत झाली होती, मुलगी. आई आणि वडील दोघं दुष्काळी कामावर होते. तिथं कामाला जोडी लागते. एकानं मोठे दगड आणून द्यायचे, दुसऱ्यानं बसून फोडायचे. बसणारी आई होती. ती बसली नाही तर जोडी मोडते, काम जातं, कामावर खायला मिळणारी सुकडी जाते. म्हणून तिच्या जागी द्वारका हवी होती.

द्वारका माझ्याकडं आली. रडत नव्हती, घाईत होती. "ताई, आईचा सव्वा महिना झाला की येते."

मी ऑफिसात घेऊन गेले. हेडक्लार्क म्हणाले, रजा एक महिन्याचीच देता येते, नियम आहे. त्यांनी नियम तिला वाचूनही दाखवला. एक महिन्याच्या आत न आल्यास नाव कमी करण्यात येईल. कारण काय लिहायचं? 'घरगुती' लिहिलं. द्वारका म्हणाली, "महिना न्हाई वो भाऊसाहेब, सव्वा महिना." ते म्हणाले, "पोरी, सव्वा महिन्याचा रकाना नाही." ती "बरं" म्हणाली आणि वडिलांच्या मागून निघून गेली.

सव्वा महिना म्हणजे काय हे मराठी घरात सांगायची गरज नाही. बाळंतिणीनं सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. गरिबाघरी हे पाळणं जमत नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. महिना संपला. आठवड्याभराचाच प्रश्न होता. समितीनं तो आठवडा दिला नाही.

नाव पुसलं त्या दिवशी मी वैद्यबाईंकडं जाऊन भांडले. भांडण त्यांच्याशी नव्हतं, पण त्या समितीवर होत्या. ठराव झाला त्या बैठकीला मात्र त्या नव्हत्या, पुण्याला गेल्या होत्या. त्यांनी ठरावातलं वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "हे मनोधैर्य माझ्या विषयातलं आहे. मला न विचारता यांनी वापरलं. सुमन, आपण तिला जाऊन विचारू."

सुट्टीतच निघालो. एस.टी.नं कर्जत, तिथून पुढं खडीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी, शेवटी पायी. रस्त्याच्या कडेनं नजर पोचेल तिथवर बायका बसलेल्या. डोक्यावर पदर, बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, समोर दगड, हातात हातोडी. एकीला वाटलं आम्ही तपासणीच्या बाया. तिनं पदर सारखा केला. मी द्वारकाचं नाव सांगितल्यावर ती मागं वळून खच्चून ओरडली,

"अगं ए द्वारके! तुजं कालेज आलं बग चालत!"

आणि सगळी रांग हसायला लागली.

द्वारका उठली. केस धुळीनं पांढरे, ओठ फुटलेले. दोन पावलं आली आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"ताई, माजा बादलीचा नंबर हौशीनं हडापला का?"

"हडपला," मी म्हटलं.

"मला ठावंच हुतं. येऊ द्या मला."

 वैद्यबाईंनीच सांगितलं. "द्वारका, तुझं नाव कमी केलंय."

तिनं हातातली हातोडी खाली ठेवली. "कवा?"

"शनिवारी."

"मंजी महिना झाला व्हय." तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "आईला अजून आठवडा हाय."

"तुला नियम ठाऊक होता ना?"

"व्हय की. भाऊसाहेबांनी वाचून दावला हुता."

"मग?"

"मग काय बाई? आईला उठवून हितं बशिवते आन् मी तिकडं जाऊन इतिहास वाचते? कसा वाचायचा?"

आई जवळच गोणपाटाच्या पालात होती. आमचं बोलणं ऐकून तिनं आतूनच हाक मारली. "न्या वो बाई तिला. म्या उठते उद्यापासून. हिच्या येळंला म्या धाव्या दिशी उठले हुते. काय मेले का?"

"तवापासून कंबर धरून बसतीस ती कशापायी?" द्वारका तिकडं न बघताच म्हणाली. "पड गप."

 पालातून बाळाचा आवाज आला. कुणीतरी हातोडी चालवायला लागली, मग दुसरी, आणि पुन्हा टकटक सुरू झाली.

तर हे असं होतं. ती मुदत विसरली नव्हती. तिला मुदत ठाऊक होती, मुदतीत परत येण्याचा रस्ताही ठाऊक होता. रस्ता सोपा होता, आईला आठवडाभर आधी उठवायचं. आईही तयार. तिनं तो रस्ता समजून उमजून घेतला नाही आणि त्याची किंमत स्वतःच्या नावावर घेतली. याला तुमच्या ठरावाच्या मराठीत जे म्हणतात ते मी वर लिहिलंच आहे.

वैद्यबाई तिच्याशेजारी दगडांच्या ढिगावर बसल्या. चांगलं लुगडं होतं, त्याचा विचार केला नाही.

"भीती वाटत नाही तुला? वर्ष जाईल अशी?"

"वाटती की. रोज वाटती. सकाळच्याला लई वाटती."

"मग काय करतेस?"

"हातोडी घ्यावी लागती. मुकादम हुबाच असतो."

"रडतेस?"

"रडते की. हितल्या समद्याच रडत्यात. पर आळीपाळीनं. एकदम रडलं तर काम बंद पडतं."

पलीकडची म्हातारी म्हणाली, "काल हिची पाळी हुती, आज माजी हाय. तुमी आल्या म्हनून ऱ्हायली." पुन्हा हशा.

अभ्यासाचं विचारलं तर कळलं की अभ्यास चालू होता. पुस्तक नव्हतं. पाठ असलेलं ती या बायकांना सांगायची. अर्थशास्त्र त्यांना आवडलं नाही. इतिहास आवडला, त्यातही फ्रान्सची क्रांती.

"राजाचं मुंडकं उडिवलं ते ह्यास्नी लई ग्वाड लागतं," द्वारका म्हणाली. "रोज तेवढंच सांग म्हनत्यात. म्होरं नेपोलियन येऊच देत न्हाईत."

"मुकादमाला बी ऐकवलंय म्या," म्हातारी म्हणाली. "म्हनलं, बाबा, हजेरी मांडताना त्या राजाला ध्यानात ठिव."

मुकादम लांब उभा होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

निघताना मी तिला म्हटलं, मी समितीशी भांडते, तू काळजी करू नकोस. तिनं मला धीर दिला! म्हणाली, "भांडा ताई. पर न्हाई झालं तर जिवाला लावून घिऊ नका. आईचा सव्वा महिना झाला की मी येनार. फळ्यावर नाव न्हाई तर न्हाई. येनार."

परतीच्या एस.टी.त वैद्यबाई मिरजगावच्या पुढं कधीतरी म्हणाल्या, "ती 'येईन' म्हणाली नाही एकदाही. 'येणार' म्हणाली."

"त्यात काय?"

"येईन म्हणणारा माणूस इच्छा सांगतो. ती वेळापत्रक सांगत होती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि ती रडते, घाबरते. लपवत नाही. तिच्या आजूबाजूला हसणाऱ्या बायका आहेत. आपण कशासाठी इथं बसलोय ते तिला ठाऊक आहे, आणि इथून उठून कुठं जायचं तेही ठाऊक आहे. यातलं एक जरी काढून घेतलं ना सुमन, तर तीसुद्धा मोडेल. लोखंडाची नाही ती."

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. हे बोलणं मला त्या सगळ्यांपेक्षा कामाचं वाटलं. तिला जायला जागा आहे म्हणून ती टिकली आहे, आणि ती जागाच आपण फडक्यानं पुसून टाकली होती.

सुट्टी संपल्यावर समितीची बैठक झाली. अध्यक्ष शहरातले नावाजलेले वकील, वयानं मोठे, माणूस वाईट नाही. खादी, शिस्त, वेळेवर येणं. पण नियम हातात आला की त्यांना माणूस दिसत नाही.

"बाई, महिना म्हणजे महिना," ते म्हणाले. "सव्वा महिना ही काही कॅलेंडरातली गोष्ट नाही."

"कॅलेंडरात नसेल साहेब, तुमच्या घरात आहे," मी म्हटलं. "तुमची लेक बाळंतपणाला आली आहे असं ऐकलं. तिला महिन्यानं खडी फोडायला उठवाल?"

टेबलाखालून मोठ्या बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. हेडक्लार्क छताकडं बघायला लागले. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला.

"हे तुमचं एस.टी. स्टँडवरचं बोलणं इथं नको."

"बरं, नको. मग तुमच्या भाषेत विचारते. मुलीनं जाताना मुदत सांगितली होती की नाही? हेडक्लार्कसाहेब, सांगितली होती ना?"

"सांगितली होती," हेडक्लार्क छताकडं बघतच म्हणाले. "पण रकाना नव्हता."

वैद्यबाईंनी मग शांतपणे सगळं मांडलं. त्या बोलल्या की लोक कागद बाजूला ठेवायचे, तसंच झालं. शेवटी निम्मा न्याय मिळाला. कॉलेजातली तिची टर्म प्राचार्यांच्या अधिकारात मंजूर व्हावी अशी शिफारस झाली. पण वसतिगृहात जागा नाही, खाट दिली गेली आहे, त्याला इलाज नाही. आणि ठरावातलं ते वाक्य?

"एकदा कायम झालेल्या ठरावात खाडाखोड करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

मी म्हटलं, "फळ्यावर करता येते, ठरावात नाही?"

मोठ्या बाईंनी पुन्हा पाय दिला.

द्वारका आली, तिनं सांगितलेल्या दिवशीच. ट्रंक डोक्यावर, हाताच्या बोटांना फोड वाळलेले. नगरात राहायला कुणी नातेवाईक नाही. मी तिला माझ्या खोलीत ठेवायचं ठरवलं होतं, पण तिच्या खोलीतल्या मुलींनी मला विचारलंच नाही. शोभानं आणि हौसानं दोन खाटा एकमेकींना लावल्या आणि मधे द्वारकाला घेतलं. उरलेली, म्हणजे द्वारकाची जुनी खाट त्या नव्या मुलीची. तिनंच आपली गादी काढून दोन खाटांमधल्या फटीवर टाकायला दिली आणि स्वतः सतरंजीवर झोपली. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या बाई फेरीला आल्या. मी त्यांच्या मागं होते, आणि खरं सांगते, घाबरले होते. मोठ्या बाई म्हणजे नियम. एक साबण जास्त दिसला तरी विचारायच्या. त्या दारात थांबल्या.

"या खोलीत तीन मुली. ही चौथी कोण?"

सगळ्या उभ्या राहिल्या. हौसा पुढं झाली. "पावनी हाय, बाई."

"पाहुणी किती दिवस राहणार?"

"परीक्षेपर्यंत."

मोठ्या बाईंनी द्वारकाच्या हातांकडं पाहिलं.  मग माझ्याकडं वळून, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "सुमन, पाहुणीला ताट लागेल. मेसमध्ये सांगून ठेव." आणि पुढच्या खोलीकडं गेल्या. माझ्या पायावर दोनदा दिलेला पाय मी त्या क्षणी माफ केला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. हौदावर द्वारका आणि हौसा यांची नंबरावरून अशी जुंपली की गल्लीतले लोक गच्चीवर आले.

परीक्षेत ती दुसऱ्या वर्गात पास झाली. शोभा इंग्रजीत पास झाली. फ्रान्सच्या क्रांतीवर प्रश्न आला होता. द्वारका म्हणाली, उत्तर लिहिताना कानात टकटक ऐकू येत होती. आता ती बी.ए. झाली आहे आणि गावाकडच्या शाळेत नोकरी मिळते का ते बघते आहे. मागच्या महिन्यात आली होती. मी तिला म्हटलं, आपण त्या वाक्यासाठी समितीला अर्ज करू, माफी मागायला लावू. ती म्हणाली, "ताई, तुमाला लई राग येतो. चांगलंय. पर मला त्याला येळ न्हाई. धाकटीला शाळंत घालायचीय दोन-तीन वर्सांत, आत्तापास्नं आई न्हाई म्हनायला लागलीय."

तिला वेळ नाही. मला आहे.

मी हे तिच्या कौतुकासाठी लिहिलं, आणि कौतुक खरं आहे. इतकी ठाम, इतकी हसरी, इतकी भांडखोर माणसं मी संघटनेतही पाहिली नाहीत. पण नुसतं कौतुक करून तुम्ही अंक मिटाल, 'काय चिवट पोर' म्हणाल आणि फराळाला बसाल, तर माझं लिहिणं फुकट गेलं. द्वारका परत आली ती तिच्या बळावर आलीच, पण तिला भेटायला दोघीजणी गेल्या होत्या, खाट-गादी देणाऱ्या तिघी होत्या, ताट मांडायला सांगणाऱ्या एक मोठ्या बाई होत्या. फळ्यावरून त्या वर्षी तिचं एकटीचं नाव पुसलं गेलं नाही. बाकीच्यांकडं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही, मला त्यांची गावंही ठाऊक नाहीत.

म्हणून सरळ मागते. तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या, बोर्डिंगच्या, वसतिगृहाच्या समितीवर आहात. दिवाळीनंतर बैठका आहेत. पहिल्या बैठकीत उभं राहा आणि विचारा, मुदतीत आली नाहीत म्हणून गेल्या वर्षी आपण कुणाकुणाची नावं कमी केली? पत्ते घ्या. पत्र पाठवू नका, पत्राला उत्तर येणार नाही. स्वतः एस.टी.त बसा, त्या गावात उतरा, ते मूल कामावर असेल तर कामावर जा आणि त्याच्यासमोर बसून विचारा की परत यायला काय लागेल. जे सांगेल ते नियमात बसवा. कुणाच्या मनात धैर्य आहे की नाही हे ठराव करून ठरवायची घाई करू नका. आधी जाऊन या.